सेल्व्हिज: टॉवेलच्या कडेचा इंग्रजी शब्द, बोलायचा कसा अन् लिहायचा कुठं

आधी माझा पोपट कसा झाला ते सांगतो, म्हणजे शब्द डोक्यात पक्का बसेल. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांकडं मी मेल लिहायच्या कामाला होतो, बीकॉम झालेलो अन् आपलं इंग्रजी बरं आहे असा माझा माझाच समज. एक दिवस बाहेरच्या बायरचा मेल आला, दोन ओळींचा, की तीन कार्टनमध्ये सेल्व्हिज लूज आहे, खुलासा करा. मी वाचला सॅल्व्हेज. कारण तो एकच शब्द ओळखीचा होता, जहाज बुडालं की माल वाचवून बाहेर काढतात तो सॅल्व्हेज, इन्शुरन्सच्या कागदात पण येतो. झालं, मालकांना जाऊन सांगितलं की तीन कार्टन भिजले वाटतं, इन्शुरन्सचं काहीतरी विचारायलेत. मालकांनी एजंटला फोन लावला, एजंटनं सर्व्हेअरचं नाव काढलं, अन् मी बायरला ठासून उत्तर दिलं की माल इथून कोरडा निघाला होता, सॅल्व्हेज आमच्या अंगावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. टॉवेलच्या बाजूची कड, पापडासारखी वर-खाली झालेली, त्याच्याभोवती लाल गोल. मालकांनी फोटो बघितला अन् म्हणले, "अरे किनार ढिल्ली पडली हाय की बे, एवढंच सांगायलाय तो."

तर हा लेख त्या किनारीबद्दल. सोलापुरात निम्म्या घरांत कुणी ना कुणी मागावर, कांडीवर, शिलाईवर नाहीतर पॅकिंगला असतं, वस्तू रोज हातात असते पण तिचं इंग्रजी नाव माहीत नसतं, अन् मग माझ्यासारखं होतं.

आधी तोंडानं नीट म्हणू. सेल्व्हिज. जोर 'सेल' वर, शेवटचा 'व्हिज' पटकन टाकून द्यायचा. कारखान्यात सगळे 'सेलवेज' म्हणतात अन् एकमेकांना बरोबर कळतं, तिथं कुणाला सुधारायला जाऊ नका, पण बाहेरच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना सेल्व्हिज म्हणा, नाहीतर तो पण सॅल्व्हेजच ऐकेल. स्पेलिंगच्या दोन तऱ्हा आहेत. ब्रिटिश लिहितात एस ई एल व्ही ई डी जी ई, अमेरिकन लिहितात एस ई एल व्ही ए जी ई. दोन्ही बरोबर, अर्थ एकच, उच्चार पण एकच. पहिलं स्पेलिंग बघून लोक 'सेल्व्ह-एज' असं तोडून वाचतात, त्यांनी नॉलेज या शब्दाचं स्पेलिंग आठवावं, शेवटी तिथं पण ई डी जी ई आहे पण आपण नॉल-एज म्हणतो का, नाही ना, मग इथं पण नाही. कुठलं स्पेलिंग वापरायचं याचा माझा नियम सोपा आहे, समोरच्यानं मेलमध्ये जे वापरलं तेच. फक्त जीन्सच्या दुनियेत अमेरिकन लोकसुद्धा जास्त करून ब्रिटिश स्पेलिंगच लिहितात, फॅशन.

एक मात्र आजच करा. हा शब्द मोबाईलच्या अन् कॉम्प्युटरच्या डिक्शनरीत टाकून ठेवा. ऑटोकरेक्टला सॅल्व्हेज लई आवडतो, तुम्ही एस ई एल टाईप करता अन् तो एस ए एल करून मोकळा होतो, पाठवल्यावर कळतं. स्पेलिंग चुकवून गूगलवर फोटो शोधलात तर कापड येणारच नाही, भंगारातल्या गाड्या येतील.

आता अर्थ. डिक्शनरीत बघाल तर एका ओळीत संपतो, कापडाची न उसवणारी विणलेली कड. पण त्या ओळीनं काही कळत नाही, मला तरी कळलं नव्हतं. मला कळलं आमच्या गल्लीतल्या मावशींकडं, त्या साड्यांना फॉल-पिको करतात. मी नुसतं विचारलं की मावशी, पिको साडीच्या दोन टोकांनाच का, वरच्या-खालच्या काठाला का करत नाही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी येडाच आहे. "अरे काठ कशाला उसवंल? तिथनं दोरा वळून परत येतो. टोकाला कापलेलं असतंय."

बस, हाच अर्थ आहे. साडीला चार बाजू, दोन लांब अन् दोन आखूड. आखूड बाजू म्हणजे मागावरनं कात्रीनं कापलेल्या, तिथं सुत मोकळं असतं, पिको नाही केला तर आठवडाभरात जाळी होते. लांब बाजू मात्र कुणी शिवलेली नाही, दुमडलेली नाही, चिकटवलेली नाही, तरी वर्षानुवर्षं उसवत नाही. ती लांब बाजूची कड म्हणजे सेल्व्हिज. घरात पटत नसेल तर एक जुनं पंचं घ्या, लांब बाजूला लागून एक चौकोन कापा, असा की त्याची एक बाजू पंचाच्या मूळ कडेची राहील. चारही बाजूंचा दोरा नखानं ओढून बघा. तीन बाजू सटासट सुटतात, चौथीवर नख घसरतं अन् दोरा निघतच नाही. पंचं घरच्यांना विचारून घ्या मात्र.

का निघत नाही तेही बघा, कारण शब्दाची जन्मकुंडली तिथंच आहे. धोट्याचा माग चालताना बघितला असेल तर धोट्यात दोरा गुंडाळलेली कांडी असते, धोटा डावीकडून उजवीकडं जातो, आडवा दोरा टाकतो, अन् तोच दोरा घेऊन परत येतो. म्हणजे दोरा तुटत नाही, कडेच्या शेवटच्या उभ्या दोऱ्याला वळसा घालतो अन् मागं फिरतो. असं हजारो वेळा. हे वळसे एकावर एक बसून कड आपोआप बंद होते. वर कडेचे काही उभे दोरे बऱ्याचदा डबल भरतात नाहीतर दाट भरतात, कारण मागावर सगळ्यात जास्त ओढ तिथंच बसते. कापडानं स्वतःच स्वतःची कड तयार केली. अन् इंग्रजी शब्द पण तेच सांगतो, सेल्फ आणि एज, स्वतःची कड, दोन्ही जुळून घासून सेल्व्हिज झालं. पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे, जुन्या डच भाषेत पण अगदी असाच जोडशब्द होता, विणकरांच्या तोंडून इकडून तिकडं गेला असावा असं दिसतं. सॅल्व्हेजचा याच्याशी काही संबंध नाही, तो लॅटिनमधल्या वाचवणे या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलाय. दिसायला जुळे, पण घरं वेगळी.

सेल्फ-एज हे एकदा ध्यानात राहिलं की स्पेलिंग पण राहतं, एस ई एल, सेल्फचं सेल. एस ए एल लिहिलं की सेल्फ गेला.

मराठीत काय म्हणायचं, इथं थोडी गंमत आहे. पटकन काठ म्हणावंसं वाटतं, पण काठ म्हणजे इंग्रजीत बॉर्डर. साडीचा काठ चार बोटं रुंद असू शकतो, त्यात मोर, रुईफूल, काय काय असतं. सेल्व्हिज म्हणजे त्या काठाची पण एकदम बाहेरची शेवटची बारीक पट्टी, फार तर अर्धा-पाऊण इंच, कधी नुसत्या चार-सहा दोऱ्यांची. त्यामुळं मी कड म्हणतो नाहीतर किनार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मामांनी, पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस, मला सांगितलं की आमच्यात अंचू म्हणतात. तेलुगूत अंचू, अन् अक्कलकोटकडचा माणूस कन्नडमध्ये पण अंचूच म्हणतो. सोलापूरला तीन भाषा येतात असं आपण म्हणतो, तर या एका वस्तूला तिन्ही भाषांत शब्द तयार होता, फक्त माझ्या बीकॉमला नव्हता.

आता ज्यांच्याशी घोळ होतो ते शब्द. हेम म्हणजे दुमडून शिवलेली कड, पॅन्टच्या खाली असते ती, तुरपाई केलेली ती. टाका दिसला की हेम, टाका नाही अन् तरी उसवत नाही तर सेल्व्हिज, एवढीच परीक्षा. म्हणून टॉवेल हातात घेतला की आधी नीट बघा, काही टॉवेलला चारही बाजूंनी दुमडून शिलाई मारलेली असते, त्याला सेल्व्हिज म्हणून फोटो पाठवाल तर परत पोपट, कारण तिथं खरी कड शिलाईच्या आत गेलेली असते. फ्रिंज म्हणजे दशा. सोलापुरी चादरीच्या दोन टोकांना मोकळे दोरे सोडलेले असतात नाहीतर गाठी मारलेल्या असतात ती फ्रिंज, अन् चादरीच्या दोन लांब बाजू ती सेल्व्हिज. कधी गोंधळ झालाच तर चादर आठवायची, टोकाला दशा, बाजूला किनार. अन् नुसतं एज म्हणजे कुठलीही कड, कापलेली, फाटलेली, शिवलेली, सगळी. बायरनं एज लिहिलं तर मी नेहमी उलट विचारतो की कापलेली बाजू म्हणताय का सेल्व्हिज म्हणताय, एका मेलनं तीन मेल वाचतात.

नवीन मागांनी जरा गुंता वाढवलाय. रेपियर किंवा एअरजेट लूममध्ये धोटाच नसतो. दोरा एका बाजूनं आत ओढतात नाहीतर हवेनं फुंकतात, अन् दरवेळी कापतात. म्हणजे वळसा नाही, कडेला दोऱ्यांची झालर. मग ती कड वेगळी बांधावी लागते. दोन उभे दोरे एकमेकांना पीळ घालून आडव्या दोऱ्याला आवळतात ती लेनो सेल्व्हिज. कापलेलं टोक वळवून पुढच्या ओळीत परत आत खोचतात ती टक-इन सेल्व्हिज, ही दिसायला जवळपास जुन्या मागासारखी स्वच्छ पण हाताला जाड लागते कारण दोरा तिथं डबल झालेला असतो. लेनो बघितली की कडेला झालरीचे छोटे केस दिसतात. स्पेसिफिकेशन शीटमध्ये सेल्व्हिज टाईप असा रकाना असतो तिथं हेच लिहायचं असतं, लेनो का टक-इन. मी पहिल्यांदा तिथं 'गुड' लिहिलं होतं. असो.

वाक्यात कसं घालायचं? नाम आहे, मोजता येतं, वन सेल्व्हिज, बोथ सेल्व्हिजेस. कापडाला दोन असतात म्हणून बोथ लई वेळा लागतं. कडेच्या बाजूबाजूनं म्हणायचं तर अलाँग द सेल्व्हिज. कडेला समांतर म्हणायचं तर पॅरलल टू द सेल्व्हिज. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, सांगायचा तर सेल्व्हिज टू सेल्व्हिज, म्हणजे समजा अठ्ठावन्न इंच पन्हा आहे तर फिफ्टी एट इंचेस, सेल्व्हिज टू सेल्व्हिज. पण इथं जपून, शिलाईवाला बायर वापरता येणारा पन्हा विचारत असेल तर दोन्हीकडच्या किनारी सोडून माप द्यायचं असतं, त्याला युजेबल विड्थ म्हणतात, किनारीसकट आकडा दिला तर नंतर भांडण ठरलेलं.

अन् तक्रारीचे शब्द पाठच करून टाका. लूज सेल्व्हिज म्हणजे कड ढिली, लाटेसारखी, माझ्यावेळी होती ती. टाईट सेल्व्हिज म्हणजे कड आवळलेली, मग कापड टेबलावर ठेवलं की मध्ये फुगतं अन् बाजूनं आत ओढलं जातं. टॉर्न सेल्व्हिज, फाटलेली. अनईव्हन सेल्व्हिज, कुठं आत कुठं बाहेर, सरळ रेघ नाही. कर्लिंग सेल्व्हिज, कड गुंडाळली जाते. हे सगळे शब्द शेवटी दोऱ्याच्या ताणाचीच गोष्ट सांगतात, कडेच्या उभ्या दोऱ्यांचा ताण मधल्यापेक्षा कमी-जास्त झाला नाहीतर आडवा दोरा धोट्यातून जास्त ओढला गेला की कडेवर लगेच दिसतं, मधल्या कापडात लपून जातं. म्हणून अनुभवी चेकर टॉवेल उघडून मध्ये बघत नाही, आधी कडेवरनं बोट फिरवतो. उत्तर लिहिताना नुसतं सॉरी लिहू नका, लिहा की वी हॅव चेक्ड द सेल्व्हिज टेन्शन ऑन दॅट लूम. समोरच्याला कळतं की माणसाला काम माहीत आहे. मालकांनी खरंच माग बघितला का हे आधी विचारून घ्या, नाहीतर खोटं पडेल.

शिवणकाम शिकणाऱ्या पोरींना हा शब्द यूट्यूबवर लई भेटतो, कारण कटिंगचे सगळे इंग्रजी व्हिडिओ त्यानंच सुरू होतात. पॅटर्नच्या कागदावर एक बाण असतो, तो बाण सेल्व्हिजला समांतर ठेवा असं ती बाई सांगते. कारण उभे दोरे कडेच्या दिशेनं जातात अन् कापड त्या दिशेला सगळ्यात कमी ताणतं. आडवं थोडं ताणतं, तिरकं ओढलं तर सगळ्यात जास्त. बाण तिरका ठेवला तर कुर्ता दोन धुण्यांत एका बाजूला पळतो. दुसरी गोष्ट ती सांगते की सेल्व्हिज कापून टाका, कपड्यात घेऊ नका, ते पण खरं आहे, कड दाट विणलेली असते, धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते अन् शिलाई चुरगळते. चाटी गल्लीतनं मीटरवर कापड आणता तेव्हा त्या कडेवर कधी बारीक भोकांची ओळ दिसेल, ते किड्यानं खाल्लेलं नाही, फिनिशिंगच्या स्टेंटर मशीनवर कापड कडेला पिनांवर ताणून धरतात त्याची खूण आहे. छापील कापडाच्या कडेला रंगाचे ठिपके असतात, छपाईत किती रंग वापरले ते त्यावरनं कळतं. सुटिंगवर तर मिलचं नाव कडेतच विणलेलं असतं. म्हणजे फेकायची पट्टी पण तिच्यावर सगळी माहिती.

जीन्सवाल्यांबद्दल न सांगता पुढं गेलो तर पोरं रागावतील. सेल्व्हिज डेनिम म्हणजे धोट्याच्या जुन्या अरुंद मागावर विणलेलं डेनिम, साधारण तीस इंच पन्ह्याचं. पॅन्टच्या बाहेरच्या बाजूची शिलाई अशी घेतात की कापडाची मूळ कड आत राहते, खाली पाय दुमडला की ती पांढरी पट्टी अन् तिच्यातला रंगीत दोरा दिसतो, लाल दोरा सगळ्यात नावाजलेला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावात कोन कंपनीची व्हाइट ओक मिल हे कापड करायची, ती 2017 च्या शेवटी बंद झाली. जपानमध्ये ओकायामा भागात आजही जुने माग चालतात अन् तिथल्या जीन्सला लोक वेड्यासारखे पैसे देतात. मला याचं हसू येतं, कारण हिशोबानं धोट्याच्या मागावरची आपली प्रत्येक चादर सेल्व्हिज चादर आहे, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तीच चादर घेताना आपण शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. वाक्यात मात्र नीट वापरा, सेल्व्हिज ही कापडाची जात नाही, कडेची आहे. 'सेल्व्हिज जीन्स म्हणजे जाड जीन्स' असं दुकानदार सांगतात ते चूक, पातळ पण असते.

कापडाबाहेर हा शब्द भेटला तर दचकू नका. पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक तिकिटांच्या शीटच्या कडेचा कोरा कागद असतो त्याला सेल्व्हिज म्हणतात, अन् तो चिकटलेला असेल तर मुद्दाम सांगतात. कुलूप बसवणाऱ्यांच्या जुन्या इंग्रजीत दाराच्या कडेला दिसणारी कुलपाची पट्टी, जिच्यातनं खिट्टी बाहेर येते, ती पण सेल्व्हिज. भूगर्भवाले खडकातल्या शिरेच्या कडेचा बदललेला पातळ थर असतो त्याला म्हणतात. सगळीकडं मतलब तोच, मुख्य वस्तूची शेवटची पट्टी. कवितेत कुणी गावाची सेल्व्हिज, संध्याकाळची सेल्व्हिज असं लिहिलेलं सापडेल, चालतं, पण बिझनेस मेलमध्ये तसलं करू नका. हद्दवाढ भागाला सोलापूरची सेल्व्हिज म्हणून बघितलं मी एकदा, मित्र म्हणला इंग्रजी झालं असेल तर चहा सांग.

परवा त्याच बायरचा परत मेल आला, दुसऱ्याच मालाबद्दल. क्वालिटी ओके, असं होतं, अन् खाली एक ओळ, सेल्व्हिज मच बेटर दिस टाईम. मी मालकांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "भिजला नाही ना यंदा?"